मेसचं ताट आणि पॅरेटोची रेघ

(अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

गेल्या वर्षी मी आपल्या हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो. हे पद काय असतं ते ज्यानं भूषवलंय त्यालाच ठाऊक. भाजीत मीठ कमी पडलं तरी शिव्या सेक्रेटरीला आणि जास्त पडलं तरी सेक्रेटरीलाच! पण आजची गोष्ट मिठाची नाही. ती एका मीटिंगची आहे आणि त्या मीटिंगमुळे उशिरा का होईना, पण शिकलेल्या एका धड्याची आहे.

मीटिंगचा विषय होता : मेस सक्तीची ठेवायची की कूपन पद्धत आणायची? सक्तीची म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे, मग कुणी जेवो ना जेवो. कूपन म्हणजे जेवढं जेवाल तेवढ्याचेच पैसे. अडीच तास नुसता गोंधळ. शेवटी कमिटीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "सगळ्यांना सारखंच ताट मिळतंय, पैसेही सगळे सारखेच भरतायत. मग नुकसान नक्की कुणाचं होतंय, ते सांगा." सगळे गप्प. मीही गप्प. आणि रजिस्टरमध्ये मी माझ्याच हातानं लिहिलं, "काही विद्यार्थ्यांना मेसचे जेवण आवडत नसल्याने ते कूपनची मागणी करीत आहेत. मागणी अमान्य."

त्या 'काही विद्यार्थ्यां'मध्ये माझा रूम पार्टनरही होता. रात्री खोलीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "जेवण आवडत नाही असं मी कधी म्हणालो रे?" खरंच होतं. तो रोज दोन्ही वेळा मेसला जायचा आणि ताटात शीतसुद्धा टाकायचा नाही.

सातव्या सेमला मी ओपन इलेक्टिव्ह म्हणून अर्थशास्त्र घेतलं. का, तर सीनियर म्हणाले की स्कोरिंग आहे. तिसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर एक वाकडी रेघ काढली. इंग्रजी पुस्तकात तिला 'इंडिफरन्स कर्व्ह' म्हणतात, मराठीत 'समवृत्ती वक्र' किंवा 'तटस्थता वक्र'. ती रेघ बघता बघता मला मीटिंगमधल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, आणि आपण रजिस्टरमध्ये काय घोळ घातलाय तेही कळलं. हा लेख म्हणजे ते उत्तर समजावून सांगायचा प्रयत्न. घाबरू नका, इंजिनिअरला यात फारसं अनोळखी असं काही नाही.

समाधानाचं मीटर कुठे मिळतं?

आधी मूळ अडचण बघू. व्होल्टेज मोजायला व्होल्टमीटर आहे, दाब मोजायला प्रेशर गेज आहे. पण चहा प्यायल्यावर किती समाधान झालं, हे मोजायला काय आहे? एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच अर्थतज्ज्ञांना वाटायचं की समाधान, म्हणजे त्यांच्या भाषेत 'उपयोगिता', आकड्यात मोजता येईल. पहिल्या चहानं १० एकक, दुसऱ्यानं ७, तिसऱ्यानं ४, वगैरे. ऐकायला छान आहे, पण हे १० आणले कुठून, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

यातून वाट काढणारा माणूस, सांगायला अभिमान वाटतो, आपल्याच जातकुळीतला होता, म्हणजे इंजिनिअर! विल्फ्रेडो पॅरेटो. क्वालिटी कंट्रोलमध्ये आपण जो 'पॅरेटो चार्ट' काढतो तो याच्याच नावाचा. जन्म १८४८ चा, पॅरिसमधला, पण माणूस इटलीचा. १८७० साली ट्यूरिनमधून तो इंजिनिअर झाला. त्याचा प्रबंध स्थितिस्थापक घन पदार्थांच्या समतोलावर होता, म्हणजे चक्क आपला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचा भाऊबंद. पुढे रेल्वे कंपनीत आणि लोखंडाच्या कारखान्यात नोकरी केली आणि मग १८९३ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला.

पॅरेटोचं म्हणणं थोडक्यात असं : समाधान किती, हे मोजायची गरजच नाही. दोन गोष्टींपैकी तुम्हाला कुठली जास्त हवी, की दोन्ही सारख्याच, एवढं सांगता आलं तरी पुरे.

हे पटायला जड जात असेल तर मटेरियल सायन्समधली मोहची कठिणता मोजपट्टी आठवा. शंखजिरं १, हिरा १०. म्हणजे हिरा शंखजिऱ्याच्या दहापट कठीण आहे का? मुळीच नाही. कुठला पदार्थ कुठल्यावर ओरखडा काढतो, एवढाच त्याचा अर्थ. आकडे फक्त क्रम सांगतात. सीईटीचा रँकही तसाच. शंभरावा आला तो दोनशेव्याच्या दुप्पट हुशार असतो असं नाही (असं काही दोनशेवे मला रोज सांगतात). समाधानाचंही तसंच. क्रम लावता येतो, पट सांगता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आवडीनिवडीचा कंटूर मॅप

आता सर्व्हेचं जर्नल उघडा. कंटूर म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीचे बिंदू जोडणारी. त्या रेषेवरून चालत गेलात तर ना चढ लागणार ना उतार.

समवृत्ती वक्र म्हणजे हेच, फक्त डोंगर समाधानाचा. आडव्या अक्षावर एक वस्तू, उभ्या अक्षावर दुसरी. कागदावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे दोन्ही वस्तूंचा एकेक जोड. जे जोड तुम्हाला सारखेच पसंत, ते एका रेषेनं जोडा. झाला वक्र. असे वक्र एकाबाहेर एक असंख्य असतात आणि वर-उजवीकडे जाल तसं समाधान वाढत जातं. गंमत म्हणजे हा वक्र पहिल्यांदा मांडला एजवर्थ यानं, १८८१ सालच्या 'मॅथेमॅटिकल सायकिक्स' या पुस्तकात. पण तो आधी समाधान मोजायचा आणि त्यातून वक्र काढायचा. पॅरेटोनं १९०६ च्या आपल्या ग्रंथात गाडी उलटी फिरवली : आधी वक्र घ्या, ते लोकांना विचारून कळतात. डोंगराची खरी उंची किती, हा प्रश्नच सोडून द्या. कंटूरवर ५००, ६००, ७०० मीटर लिहा नाहीतर १, २, ३ लिहा, वाट तीच राहते.

दोन कंटूर एकमेकांना छेदत नाहीत, हे सर्व्हेच्या ओरलला हमखास विचारतात (आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा पुढे झुकलेला कडा असेल तर नकाशावर छेदतात, हे सांगितलं की एक्स्टर्नल खूश). समवृत्ती वक्रांना मात्र कोकणकडा नसतो. ते कधीच छेदत नाहीत. का ते बघा. समजा दोन वक्र 'क' बिंदूत छेदले. एकावर 'ख' घ्या, दुसऱ्यावर 'ग', असा की ग मध्ये ख पेक्षा दोन्ही वस्तू जास्त आहेत. आता क आणि ख सारखेच पसंत. क आणि ग सुद्धा सारखेच पसंत. मग ख आणि ग सारखे व्हायला हवेत. पण ग मध्ये तर दोन्ही वस्तू जास्त! विसंगती. इति सिद्धम्.

या सिद्धतेत आपण दोन गोष्टी गृहीत धरल्या. माणसाच्या आवडीत सुसंगती असते, ही एक. आणि चांगली वस्तू जास्त मिळाली तर बरंच, ही दुसरी. कुठल्याही जोडाबद्दल माणूस आपली पसंती सांगू शकतो, हे तिसरं गृहीतक तर मुळातच होतं.

रूममध्ये बसून वक्र काढा

मी हा प्रयोग पार्टनरवर केला. वस्तू दोन : गेटबाहेरच्या टपरीवरचा चहा आणि वडापाव. विचारलं, "समज, आठवड्याला तुला २० चहा आणि २ वडापाव मिळतायत. तिसरा वडापाव हवा तर किती चहा सोडशील?" तो म्हणाला, "पाच." सहाला? "राहू दे, चहाच बरा." असं विचारत विचारत, जिथे तो "कुठलंही दे, मला सारखंच" म्हणाला ते जोड लिहून घेतले :

अ : २ वडापाव, २० चहा
ब : ३ वडापाव, १५ चहा
क : ४ वडापाव, ११ चहा
ड : ५ वडापाव, ८ चहा
इ : ६ वडापाव, ६ चहा

हे बिंदू ग्राफ पेपरवर टाकून जोडा. डावीकडे तीव्र उतार, उजवीकडे सपाट होत जाणारा, पोट आत वळलेला असा वक्र मिळतो. आता फरक बघा. तिसऱ्या वडापावसाठी ५ चहा सोडले, चौथ्यासाठी ४, पाचव्यासाठी ३ आणि सहाव्यासाठी फक्त २. या अदलाबदलीच्या दराला म्हणतात 'सीमांत पर्यायता दर'. भूमितीच्या भाषेत तो म्हणजे वक्राचा उतार. वडापाव जसजसे वाढतात तसतशी पुढच्या वडापावाची किंमत चहाच्या मापात उतरत जाते. कारण सोपं आहे : जे कमी उरलंय ते माणूस सहज सोडत नाही. जॉन हिक्स आणि आर. जी. डी. ॲलन या दोघांनी १९३४ साली हा दर मध्यभागी ठेवून मागणीचा अख्खा सिद्धांत नव्यानं बांधला. हिक्स यांना पुढे १९७२ साली केनेथ ॲरो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सगळेच वक्र असे पोटवाले नसतात. दोन कंपन्यांच्या सारख्याच निळ्या रिफिली घ्या. एकीच्या बदल्यात दुसरी कधीही चालते, म्हणून वक्र सरळ रेषा. डावी आणि उजवी चप्पल घ्या. एक उजवी असताना डाव्या दहा असून उपयोग काय? वक्र काटकोनी, 'एल' अक्षरासारखा. बाकी बहुतेक वस्तू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

असा प्रश्न विचारून वक्र काढणारा मी पहिला नाही बरं का. एल. एल. थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३१ साली एका व्यक्तीला टोप्या, बूट आणि ओव्हरकोट यांच्या जोड्यांबद्दल असेच प्रश्न विचारून वक्र काढले होते. हाही मूळचा इंजिनिअर, काही काळ एडिसनच्या हाताखाली काम केलेला! पण १९४२ साली वॉलिस आणि मिल्टन फ्रीडमन यांनी त्याच्यावर टीका केली. 'समजा असं असतं तर' या प्रश्नाला माणूस जे उत्तर देतो त्यावर किती विसंबायचं? खिशातले खरे पैसे जाताना तो तसाच वागेल कशावरून? टीका रास्त आहे. म्हणून माझे आकडे थोडे हातचे राखूनच घ्या.

आवड वेगळी, खिसा वेगळा

वक्र फक्त काय हवंय ते सांगतो. काय परवडतं ते सांगायला दुसरी रेषा लागते, ती म्हणजे अंदाजपत्रक रेषा. समजा चहा १० रुपये, वडापाव २० रुपये आणि आठवड्याचे टपरीचे पैसे १८०. सगळ्याचा चहा घेतला तर १८, सगळ्याचे वडापाव घेतले तर ९. हे दोन बिंदू सरळ रेषेनं जोडा. रेषेच्या आत सगळं परवडतं, बाहेरचं नाही.

आता वरच्या जोड्यांचा खर्च काढा. अ ला २४० रुपये, ब ला २१०, क ला १९०, ड ला १८० आणि इ ला सुद्धा १८०. म्हणजे पार्टनर १८० रुपयांत ड किंवा इ घेणार, आणि याहून वरचा वक्र त्याला गाठता येणार नाही. ड आणि इ च्या मध्ये तो एका वडापावासाठी २ चहा सोडायला तयार आहे. टपरीवाल्याचा दरही तोच : एका वडापावाच्या पैशांत २ चहा. जिथे आपल्या मनातला दर आणि बाजारातला दर जुळतो, तिथे वक्र रेषेला स्पर्श करतो. तीच उत्तम निवड. एम-वनला आपण लॅग्रांजचा गुणक शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. तो इथे कामाला येतो : बंधन पाळून महत्तम काढणे. (लॅग्रांजचा जन्मही ट्यूरिनचाच, पॅरेटो इंजिनिअर झाला त्याच गावचा.)

या आकृतीतली सगळ्यात मोठी शिकवण मला वाटते ती अशी : आपल्याला बाहेरून फक्त स्पर्शबिंदू दिसतो. माणसानं काय घेतलं, काय मागितलं, एवढंच. त्यामागे वक्र आणि रेषा अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा ट्रिपला येत नाही, तर आपण म्हणतो "त्याला आवडत नाही फिरायला." कशावरून? कदाचित त्याचा वक्र अगदी आपल्यासारखाच असेल आणि रेषा मात्र बरीच खाली असेल.

रजिस्टरमधली माझी चूक नेमकी हीच होती. रेषेची गोष्ट मी वक्राच्या खात्यावर लिहिली.

आता ताट आकृतीत मांडू

पार्टनरनं परवानगी दिली म्हणून पुढचं लिहितोय. "नाव टाकू नकोस, आकडे टाक," असं तो म्हणाला. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी पूर्णांकात घेतलेत.

आडव्या अक्षावर महिन्याची जेवणं, उभ्या अक्षावर जेवणाचे पैसे जाऊन 'बाकी सगळ्या'साठी हातात उरणारे रुपये. एका जेवणाचे ५०, महिन्याची ६० जेवणं, म्हणजे मेसचे ३,०००. मला घरून येतात ६,०००. ते भरून माझ्याकडे ३,००० उरतात. मी तसाही दोन्ही वेळा मेसलाच जेवतो, त्यामुळे सक्ती असो वा कूपन, माझा बिंदू तोच. मला सक्ती जाणवतच नव्हती.

पार्टनरला येतात ४,५००. मेसचे भरून उरतात १,५००. त्यात झेरॉक्स, जर्नलं, मोबाईलचा रिचार्ज, साबण-तेल आणि गावी जायचं एसटीचं भाडं. गणपतीला तो घरी गेला नाही तेव्हा आम्ही त्याला 'अभ्यासू' म्हणून चिडवलं होतं. त्याला निवड असती तर त्यानं ४० जेवणं घेतली असती आणि २,५०० हातात ठेवले असते. उरलेल्या वेळी घरून आणलेली भाकरी-चटणी, नाहीतर खोलीवरचे पोहे. पण सक्तीमुळे त्याला ६० जेवणं आणि १,५०० याच बिंदूवर उभं राहावं लागलं. पैसे भरलेच आहेत म्हटल्यावर तो जेवणारच. हा बिंदू त्याच्या रेषेवरच आहे, पण त्यातून जाणारा वक्र खालचा.

किती खालचा? मी विचारलं, "६० जेवणं आणि हातात १,५००. त्याऐवजी ४० जेवणं आणि हातात किती असले तर तुला दोन्ही सारखंच?" बराच विचार करून तो म्हणाला, "अठराशे." आता हिशेब करा. ४० जेवणांचे २,००० अधिक हातातले १,८००, म्हणजे ३,८००. कूपन असतं तर ३,८०० रुपयांतही तो सक्तीइतकाच समाधानी राहिला असता. येतात मात्र ४,५००. म्हणजे महिन्याला निदान ७०० रुपये त्याच्या दृष्टीनं हवेत विरले. ते कुणी खाल्ले नाहीत, कुणाच्या खिशात गेले नाहीत. त्याला नको तितकं, नको त्या रूपात मिळालं, म्हणून विरले.

सरांच्या "नुकसान कुणाचं?" या प्रश्नाचं उत्तर हे होतं. ताट सारखं होतं आणि पैसेही सारखे होते. ज्या बिंदूवर सगळ्यांना उभं केलं तो बिंदू मात्र सगळ्यांच्या आवडीचा नव्हता.

या प्रकारच्या नुकसानावर जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाचा १९९३ सालचा प्रसिद्ध लेख आहे, अमेरिकेतल्या नाताळच्या भेटवस्तूंवर. त्यानं विद्यार्थ्यांना विचारलं की मिळालेली वस्तू तुमच्या लेखी किती रुपयांची, म्हणजे डॉलरची. उत्तरांवरून त्यानं अंदाज काढला की भेटींच्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा असाच वाया जातो. दिवाळीत या घरून त्या घरी फिरणारा सोनपापडीचा डबा आठवा, म्हणजे वेगळं सांगायला नको. रेशनचं धान्य द्यावं की खात्यात पैसे, या वादाच्या मुळाशीही हीच आकृती आहे. आपल्याकडे २०१५ साली चंडीगड आणि पुदुच्चेरीत धान्याऐवजी पैसे द्यायचा प्रयोग सुरू झाला होता. अर्थात तिथे दुसरी बाजूही आहे. उद्या बाजारात भाव वाढले तर धान्य मिळणारा सुरक्षित, पैसे मिळणारा उघड्यावर. आकृती एक बाजू स्पष्ट करते, सगळा वाद मिटवत नाही.

मग कूपनच का नाही?

इथवर वाचून कूपनवाले टाळ्या वाजवत असतील. थांबा. मेसचाही हिशेब आहे. ५० रुपयांच्या ताटात समजा ३० रुपये धान्य-भाजी-गॅसचे, जे ताटागणिक लागतात. उरलेले २० आचारी, मावशी, भाडं यांचे. ते जेवणारे कमी झाले म्हणून कमी होत नाहीत. ६० जेवणांच्या हिशेबानं हा ठरीव खर्च माणशी १,२०० होतो.

समजा निम्मी मुलं ६० जेवतात आणि कूपन आल्यावर निम्मी ४० वर आली. सरासरी ५०. आता १,२०० रुपये ५० जेवणांवर वाटायचे, म्हणजे ताटामागे २४. अधिक ३०, म्हणजे ताट ५४ रुपयांचं. ६० जेवणाऱ्याला ३,२४० पडणार, २४० जास्त. माझी रेषा आत फिरली, मी खालच्या वक्रावर!

म्हणजे सक्तीत त्याचं नुकसान, कूपनमध्ये माझं. मग कुणाचं दुःख मोठं, माझ्या २४० चं की त्याच्या ७०० चं? तुम्ही म्हणाल, त्याचंच. मलाही आतून तेच वाटतं. पण मोहची मोजपट्टी आठवा. हा सिद्धांत प्रत्येकाचा क्रम सांगतो. माझं समाधान आणि त्याचं समाधान एका काट्यावर ठेवून वजन करायचं सामर्थ्य त्यात नाही. ते करायचं तर न्याय-अन्यायाची भाषा लागते, आणि ती वक्रात नसते.

पॅरेटोनं यासाठी एक साधी कसोटी दिली. ज्या बदलानं निदान एकाचं भलं होतं आणि कुणाचंच वाईट होत नाही, त्या बदलाला निःशंकपणे 'सुधारणा' म्हणा. सक्तीवरून साध्या कूपनवर जाणं या कसोटीला उतरत नाही. मग उतरेल असं काही आहे का?

आहे. ठरीव खर्च वेगळा काढा. प्रत्येकानं महिन्याला १,२०० भरायचे आणि ताटाला ३० रुपये. मी ६० जेवलो : १,२०० अधिक १,८००, म्हणजे ३,०००. पहिल्याइतकेच! पार्टनर ४० जेवला : १,२०० अधिक १,२००, म्हणजे २,४००. हातात २,१००. सक्तीइतकं समाधान व्हायला त्याला १,८०० पुरत होते. म्हणजे तो नक्की वरच्या वक्रावर. आणि आचारी-मावशींचे पैसे पूर्ण निघाले. कुणाचं वाईट नाही, एकाचं भलं. ताट ३० ला मिळतंय म्हणून तो ४० ऐवजी ४५ जेवला, तर ती त्याची मर्जी. अडीच तासांच्या आरडाओरड्यात जे सुचलं नाही, ते ग्राफ पेपरवर वीस मिनिटांत निघालं.

हातातला कप सुटत नाही

एक धोक्याची सूचना मात्र देतो. हा प्रस्ताव मजल्यावर सांगितला तेव्हा पैसे आधीच भरून बसलेली मुलं म्हणाली, "२० जेवणं सोडायची आणि ६०० परत घ्यायचे? नको बाबा." पण ज्यांचे पैसे भरायचे होते त्या नव्या मुलांना उलट विचारलं, "६०० देऊन आणखी २० जेवणं घेणार का?" त्यातलेही बरेच म्हणाले, "नको." व्यवहार तोच, फक्त उभं राहायची जागा वेगळी.

यावर जॅक क्नेच या अर्थतज्ज्ञाचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचा कप दिला आणि नंतर विचारलं, बदल्यात चॉकलेट हवं का? ८९ टक्क्यांनी कपच ठेवला. दुसऱ्या गटाला आधी चॉकलेट दिलं, तर त्यातल्या जेमतेम १० टक्क्यांनी कप घेतला. तिसऱ्या गटाला थेट निवडायला सांगितलं, तेव्हा ५६ टक्क्यांनी कप निवडला. समवृत्ती वक्र तर म्हणतो की कुठून सुरुवात केली यानं फरक पडू नये. प्रत्यक्षात पडतो. हातात आलेली वस्तू सोडणं म्हणजे नुकसान वाटतं. तेव्हा आवड विचारायची तर पैसे भरायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पुढे काय झालं?

या वर्षीच्या मीटिंगला मी सेक्रेटरी नव्हतो, पण ग्राफ पेपर घेऊन गेलो. त्याच सरांनी आकृती नीट बघितली आणि विचारलं, "हे ३० आणि २० आणलेस कुठून?" मेसच्या जमाखर्चाची वही पुढे केली. सरांनी आणखी एक शंका काढली, "पैसे वाचवायला मुलं उपाशी राहिली तर?" शंका योग्य आहे. माणसाला आपलं हित कळतं असं हा सिद्धांत धरून चालतो, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात ते दर वेळी खरं असेल असं नाही. शेवटी ठरलं ते असं : महिन्याची किमान ३० जेवणं प्रत्येकाला, पुढची आपापल्या मर्जीनं, आणि एक सेमिस्टर करून बघायचं. किमान अट असली तरी ४० जेवणाऱ्याला ती आड येत नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

मीटिंग संपल्यावर मी जुनं रजिस्टर मागून घेतलं. लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणून त्या वाक्याखाली आजची तारीख घालून लिहिलं, "वरील नोंदीतील कारण चुकीचे आहे. विद्यार्थ्यांना जेवण आवडत होते." आणि खाली सही केली.

पार्टनर या वेळी दिवाळीला चार दिवस आधीच घरी गेला. येताना शेंगदाण्याचे लाडू घेऊन आला. एका लाडवाच्या बदल्यात तो किती चहा मागेल, ते अजून विचारलेलं नाही. तुम्हीही आज रात्री एक ग्राफ पेपर घ्या आणि आपल्या पार्टनरला पाच-सहा प्रश्न विचारून बघा. वक्र वाकडातिकडा आला तरी चालेल. दोन-तीन वर्षं एका खोलीत राहून जे कळलं नाही, ते कदाचित त्यात दिसेल.